भिंतीवरचं कुंकू

“सारा, ते कुंकू पुसून टाक. आत्ताच्या आत्ता, काकू यायच्या आधी,” शिल्पा खालूनच म्हणाली.

सारा शिडीवर होती. हातात स्प्रेचा डबा, नाकावर मास्क. तिला वाटलं, आईला रंग आवडला नाही. लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर आठवडाभर खपून तिने सुलक्षणाकाकूंचा दुमजली चेहरा रंगवला होता. एअरपोर्टवर शिफ्ट करणाऱ्या निम्म्या मराठी आईबापांची पोरं काकूंनी सांभाळली होती. साराही त्यातलीच. त्यामुळे फोटोबिटो न बघता, सगळा चेहरा लहानपणीच्या आठवणीतून काढला होता. काकूंचं ते रुपयाएवढं लालभडक कुंकू भिंतीवर चांगलं ताटाएवढं झालं होतं.

“पण काकूंचा कुंकू असाच होता ना? आय रिमेंबर.”

“होतं गं. काका गेल्यापासून नाही लावत त्या.”

काका गेले तेव्हा सारा लीड्सला युनिव्हर्सिटीत होती. काका गेल्याचं तिला कळलं होतं. त्यांच्याबरोबर काकूंचं कुंकूही गेलं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी आपल्याकडे सांगाव्या लागत नाहीत, आणि न सांगता कळण्याइतकी सारा इथे वाढून मराठी उरली नव्हती. सकाळी टाकलेलं भिंतीचं रील एव्हाना अर्ध्या इंग्लंडमध्ये फिरलं होतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तेवढा शुकशुकाट होता. तो ग्रुप गप्प बसला की समजावं, काहीतरी भयंकर घडलंय.

ती कपाळाच्या रंगाचा डबा शोधायला लागली, तोवर काकू बसमधून उतरल्याच. पायात स्नीकर्स, मागे खरेदीची ट्रॉली. भिंतीसमोर थांबून, मान वर करून त्या बघत राहिल्या. शिल्पाने घाईघाईने सारवासारव सुरू केली. पोरीला काय कळतंय, लगेच पुसते, मनाला लावून घेऊ नका, असं बरंच काही ती बोलत सुटली. काकूंनी तिला नुसत्या हातानेच थांबवलं. सारा शिडीवरून उतरली. जिने आपल्याला भरवलं, झोपवलं, त्या बाईचं दुःख आपण चव्हाट्यावर मांडलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सॉरी काकू. मला माहीत नव्हतं. मी पुसते.”

काकूंनी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि सरळ आपल्या ट्रॉलीत टाकला.

“खबरदार पुसलंस तर,” त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण त्या चक्क हसत होत्या. साराच्या जिवात जीव आला.

मग त्या शिल्पाकडे वळल्या.

“संक्रांतीला तुझ्या हळदीकुंकवाला येते. तू एकेकीला कुंकू लावत येतेस, आणि माझ्यापाशी आलीस की पुढच्या बाईकडे जातेस. दरवर्षी मी वाट बघते गं, एकदा तरी तुझा हात चुकावा म्हणून.”