दाराचा स्विच

पडवीत स्वतः बांधलेल्या, लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनसाठी कंट्रोलर निवडायला प्रज्ञेशने दोन महिने लावले. स्वस्तातलं बोर्ड मिळत होतं, पण त्याला मशीनचं दार उघडताक्षणी ते थांबवणारंच हवं होतं. एमआयडीसीतल्या प्रेस मशीनने त्याच्या बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. तेव्हा दार उघडं असूनही मशीन थांबलं नव्हतं.

दाराचा स्विच फिटरने नीट बसवला नव्हता, असं बाबांनी चौकशीत सांगितलं. फिटर पाडावेकाकांची नोकरी गेली. अकरा वर्षं झाली, ते मिरकरवाड्याला मासळी बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलतात. समोरून आले तर बाबा रस्ता बदलतात.

प्रज्ञेशचं मशीन आज सुरू झालं, पण धड चालेना. लाकडावर दोन रेघा कोरल्या की दार थरथरायचं, स्विच सुटायचा आणि मशीन बंद पडायचं. प्रज्ञेश परत दार दाबून लावायचा, परत पहिल्यापासून सुरू करायचा. बाबा सकाळपासून शेजारी खुर्ची टाकून बघत होते. शेवटी वैतागले.

"अरे मेल्या, किती वेळा दार लावत बसशील? स्विचच्या त्या दोन वायरी काढ नि एकमेकींना पिळून टाक. मग दार उघडं असलं तरी मशीनला काय कळत नाय."

 

बाबा पुढे म्हणाले, "प्रेसवर मी रोज तेच करायचो."