कानसेन

मागच्या डाव्या चाकाचा शेवटचा नट काही केल्या हलेना. त्यानं पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, नळीवर सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे तो कण्हला आणि सैल झाला. घरामागच्या अंगणात ट्रक जॅकवर तिरका उभा होता, दुखरा पाय उचलून धरलेल्या जनावरासारखा. कंबर धरून तो खाली बसला. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. पण उद्या सकाळी माल भरून निघायचं होतं, आणि चाकातली ही घरघर घेऊन उताराला लागणं म्हणजे जिवाशी खेळ.

धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणायचे. गाडी नुसती समोरून गेली तरी तिचं दुखणं तो सांगायचा. आठवडाभर केबिनमध्ये जात्यात दळण पडावं तशी घरघर येत होती. ती डावीकडची, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायको सकाळीच म्हणाली होती की दोन्ही चाकं उचलून हातानं फिरवून तर बघा. त्यावर तो हसला होता. चाक फिरवून बघायचं ते नवशिक्यांनी, म्हणाला, मग मला कान कशाला दिलेत?

चाक उतरलं, हब निघाला. ठोकून ठोकून जुनं बेअरिंग बाहेर आलं. बायकोनं रॉकेलचं भांडं पुढं सरकवलं. नवं बेअरिंग तिच्या मांडीवर खोक्यात होतं. त्यानं जुनं धुतलं, पुसलं. टाकून देण्याआधी एकदा बघायचं, गेलेल्याचं तोंड बघतात तसं, ही त्याची रीत. बोटांवर धरून त्यानं ते उजव्या कानाशी फिरवलं.

काहीच नाही. खरखर नाही, साधी सळसळही नाही. जोरात फिरवलं. लोखंड गरगरत होतं आणि आवाज नव्हता.

त्यानं ते डाव्या कानाशी नेलं. रेशमावरून हात फिरावा तसा मऊ, सरळ आवाज आला. आतल्या रोलरांवरून त्यानं नख फिरवलं. कुठं ओरखडा नाही, कुठं खड्डा नाही.

बेअरिंग धडधाकट होतं. कान गेला होता.

खिडकीकडचा कान. जन्मभर वारा आणि हॉर्न झेललेला. मागून पुढं घुसणारी प्रत्येक गाडी त्याच अंगानं यायची. आता सगळेच आवाज त्याला डावीकडून येत होते.

त्यानं ग्रीस भरून जुनंच बेअरिंग परत बसवलं, चाक चढवलं. जॅक उचलून पलीकडे नेला. उजवं चाक वर घेतलं, डावा कान लावून फिरवलं. आत जातं फिरत होतं. इतकं, की तळव्यालासुद्धा कळावं. मग पुन्हा तेच नट, तीच नळी, तोच हातोडा. नवं बेअरिंग बसेपर्यंत दिवस कलला.

हात पुसायच्या आधी त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बायकोच्या हातात ठेवली. म्हणाला, तुझ्या भावाला फोन कर, उद्या गाडी तो नेईल. मी आधी कान दाखवून येतो. मग पुढं गाडीचं काय ते बघू.

तिनं किल्ली घेतली. कुठला कान, काय झालं, काहीच विचारलं नाही.

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुला ठाऊक होतं?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि चिंधीनं एकेका नखातलं ग्रीस काढू लागली.

"सांगत होते की," ती खाली बघतच म्हणाली. "रोज रात्री सांगत होते. तुमच्या उजव्या अंगाला निजून."