तिरका चमचा

रंगाऱ्याने ओव्हनचं दार उघडून भोपळ्याच्या पाठीवर चमचा दाबला. साल खाली दबली ती परत वर आली नाही. मग त्याने ट्रे बाहेर काढला. भोपळ्याची दोन अर्धी, कापलेली बाजू खाली. कडेने पाझरलेला रस जळून तपकिरी झाला होता.

"काळं केलंत," खुर्चीतून त्याची बायको म्हणाली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिचे शब्द असे एकेक करून, जड येत.

"साल काळी झालीय. साल तुला देणार नाही."

"भिंत नाही ती."

"माहितेय. भिंत इतकं बोलत नाही."

बायकोशेजारी तिची गिळण्याची थेरपिस्ट बसली होती, मांडीवर फाईल घेऊन. सकाळी बायकोच्या नाकातली अन्नाची नळी बुजली, ती काढावी लागली. नवी घालायला नर्स तीन वाजता येणार होती. त्याआधी पाच चमचे ठसका न लागता तोंडावाटे उतरले, तर नवी नळी घालायची नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. परवा पहिल्याच चमच्याला तिला ठसका लागला होता आणि ओठ निळे पडले होते. तो भोपळा उकडलेला होता.

"उकडला की पाणी पिऊन बसतो," गर काढता काढता रंगारी म्हणाला. "वाटीत थोडा वेळ ठेवला की लगदा एकीकडे, पाणी एकीकडे. लगदा ती गिळत होती, पाणी भलत्या वाटेनं जात होतं. भाजला की पाणी आधीच उडतं. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," थेरपिस्ट म्हणाली. तिने हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

भोपळ्याच्या पोकळीकडचा धाग्याधाग्यांचा गर त्याने वेगळा काढला. उरलेला गर पातळ फडक्यात बांधून नळाला टांगला आणि खाली वाटी ठेवली. थेंब आधी भराभर पडले, मग सावकाश. दोन थेंबांमध्ये दहापर्यंत मोजून होऊ लागलं, तेव्हा त्याने फडकं सोडलं.

मग बारीक चाळणी पातेल्यावर ठेवून त्याने पिशवीतून एक पत्रा काढला. पातळ, लवचिक, भिंतीतल्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा.

"तो?" बायकोने विचारलं.

"कोरा आहे. सकाळी आणला, दोनदा उकळला."

तो गर चाळणीवर पसरून पत्र्याने दाबत गेला. एकाच दिशेने, एकाच कोनात. वर केसांसारखे तंतू राहत होते आणि खालून नारिंगी, गुळगुळीत पट्ट्या पातेल्यात पडत होत्या. थेरपिस्टने फाईल बाजूला ठेवली आणि ती उठून जवळ आली.

तिने एक चमचा भरला आणि पातेल्यावर तिरका केला. गोळा चमच्यातच बसून राहिला.

"घट्ट झालंय," ती म्हणाली. "घशाला चिकटेल. हेही धोक्याचंच."

रंगाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

"मिक्सरमधून काढू या का?" थेरपिस्टने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "हवा शिरते, फोड येतात."

फडक्याखालच्या वाटीतलं पाणी त्याने चमच्याच्या टोकाने घेतलं. तीन थेंब. पत्रा आडवा धरून कडेकडेने घोटलं. पुन्हा तीन. घोटताना त्याचे डोळे पातेल्यात नव्हते. ते मनगटात असावेत. मग त्याने पत्र्यावर थोडं घेऊन पत्रा तिरका केला. गोळा क्षणभर थांबला आणि अख्खाच्या अख्खा खाली घसरला. पत्र्यावर नुसती एक ओलसर छटा उरली.

थेरपिस्टने स्वतःच्या चमच्याने पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं. तिसऱ्यांदाही तसंच.

"आमच्या पुस्तकात याचं चित्र आहे," ती म्हणाली. "नजर बसायला मला वर्ष लागलं. तुम्हाला कोणी दाखवलं?"

"लांबी अशीच बघतात. पत्र्याला धरून बसली तर भिंतीवर उतरत नाही. वाहिली तर खड्ड्यात थांबत नाही." त्याने वाटी भरली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक टिपका लावून ऊब पाहिली. "फक्त लांबी खाता येत नाही."

"तुमचा स्वयंपाक," बायको म्हणाली, "कुठला खाता येतो."

थेरपिस्टने तिला ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला सांगितली आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली. रंगाऱ्याने पहिला चमचा दिला. तिने तोंड मिटलं. बोटांखाली गळा वर गेला, खाली आला. सगळे थांबले. ठसका नाही. दुसरा. तिसरा.

चौथ्याला ती थांबली. डोळे मिटले, कपाळावर आठी आली. फ्रीजची घरघर ऐकू येत होती. गळा वर गेला, अडखळला, पुन्हा वर गेला, खाली आला.

पाचवा.

"आता मोठ्याने 'आ' म्हणा," थेरपिस्ट म्हणाली आणि तिने कान बायकोच्या तोंडाजवळ नेला. घशात काही उरलं असेल तर आवाज ओला येतो, पाण्यातून बोलल्यासारखा. तसा आला तर पाच चमचे मोजायचे नाहीत.

रंगारी उत्तराची वाट पाहत नव्हता. त्याने रिकामा चमचा खिडकीच्या उजेडात तिरका धरला होता आणि त्यावर काही राहिलंय का ते निरखत होता.

"चमचा काय बघताय," बायको म्हणाली. आवाज कोरडा होता, लख्ख. "भरा."