वरचा मजला

रामहरींनी माढ्याच्या वाचनालयात शिडाच्या होडीचं पुस्तक परत केलं.

"ह्यात शीड कसं बांदायचं त्ये हाय. म्हस कुटं बांदायची त्ये न्हाय. दुसरं द्या की."

ग्रंथपाल गंगाधरपंतांना हसू आवरेना. "अहो, या दुष्काळी मुलखात होडी कशाला?"

रामहरींनी कोपरीच्या खिशातून दोन सरकारी कागद काढले. पहिल्यात लिहिलं होतं, 'या पावसाळ्यात धरणाचं पाणी आपल्या गावावर चढेल.' दुसऱ्यात होतं, 'आपला पर्यायी जमिनीचा अर्ज विचाराधीन आहे.'

गंगाधरपंतांनी कपाटातून दुसरं पुस्तक काढलं आणि नोंदवही उघडली. "पत्ता तोच ना?"

"व्हय, गाव त्येच. आखाड सरला की फकस्त म्होरं लिवा, वरचा मजला."