मोजपट्टीला रजा

"साहेब, सांगून कुणाला पटणार नाही, पण आमच्या दुकानातून मोजपट्टी कायमची हद्दपार झालीय!" शिंपीमास्तरांनी बेधडक ठोकून दिलं. काय करतील बिचारे? हॉटेलच्या सगळ्या नोकरांचे गणवेश शिवायचं काम डिजिटल दुकानालाच द्यायचं, असा मॅनेजरचा हट्ट होता. ते हुकलं असतं, तर मास्तरांच्या मशिनी धूळ खात पडल्या असत्या.

"नुसते इथे उभे राहा. आमचा कॉम्प्युटर अचूक माप बोलून दाखवतो."

ट्रायल रूमच्या पडद्याला खेटून नवीकोरी स्क्रीन टांगली होती. मॅनेजर श्वास रोखून तिच्यासमोर ताठ उभे राहिले. मास्तरांनी ऐटीत बटण दाबलं.

"छाती बेचाळीस, बाही चोवीस," गोड आवाज आला.

"वा! अगदी खऱ्या बाईचा आवाज वाटतो हो!"

"भारीतला आहे," मास्तर म्हणाले. "जपावं लागतं."

"कंबर..." आवाज अडखळला. "अहो, त्यांना जरा पोट सोडायला सांगा ना. अंदाजच येईना."

मॅनेजरनी पोट सोडलं, पण मास्तरांना सोडलं नाही.



"मास्तर, कॉम्प्युटर तुम्हाला 'अहो' म्हणतो?"