जाळीवरची टकटक

"नियम भिंतीवर लिहिलाय. वाचता येत नाही का तुमच्या बहिणीला?" असं विचारून व्यवस्थापक खुर्चीत आरामात रेलला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. धाकटीची तीन बोटं पत्रा कापायच्या यंत्राखाली गेली होती, आणि हा गृहस्थ वाचायचं विचारत होता! पात्यापुढची संरक्षक जाळी लावल्याशिवाय यंत्र चालवू नये, असा फलक कारखान्यात होता खरा, चांगला दारापेक्षा मोठा. धाकटीनं जाळी काढली म्हणजे चूक तिचीच, असं एकदा ठरलं की नोकरीही जाणार होती आणि भरपाईही.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेला होता. भला माणूस वाटला. त्यानं व्यवस्थापकाला बाहेर बसायला सांगितलं, थोरलीसमोर पाणी ठेवलं, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाला, "आता न घाबरता बोला, ताई."

तीही त्याच कारखान्यात कामाला होती. मग तिनं सगळं भडाभडा सांगितलं. जाळी लावली की माल निम्माच निघतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण व्यवस्थापक तोंडानं कधी काही म्हणायचा नाही. कामगार त्याला मौनीबाबा म्हणायचे ते काही उगाच नाही. तो यायचा, जाळीवर अंगठीनं दोनदा टकटक करायचा आणि पुढं जायचा. मागं जाळी निघायची. जी बाई काढायची नाही, ती पुढं कामावर दिसायची नाही.

"फलक तुमच्यासारख्यांना दाखवायला आहे, साहेब. आम्हाला हुकूम टकटकीचा."

अधिकारी भयंकर संतापला. हा तर उघड हुकूमच झाला, असं म्हणाला, व्यवस्थापकाला निर्लज्जही म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला त्यानं शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायला लावला. कारकून मान खाली घालून लिहीत होता. थोरलीला भरून आलं. बोटं गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी धड ऐकून घेत होतं.

सही करून तिनं कागद पुढं सरकवले. "माझ्या बहिणीची चूक नव्हती, एवढं तरी ठरेल ना, साहेब?"

"निश्चिंत जा. हे असंच्या असं वर जाईल."

पिशवी खुर्चीवरच राहिली म्हणून ती दारातून मागं वळली, तेव्हा अधिकारी चष्म्याच्या दांडीनं कारकुनाच्या टेबलावर दोनदा टकटक करत होता, आणि कारकुनानं मान वर न करता तिच्या सहीची पानं फाइलमधून काढून फाडायला घेतली.