चांदीचा क्रॉस

लंडनला संसदेच्या सज्जात बसलेल्या ग्लेनिसची नजर सारखी शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीच्या, मरीनच्या कोटावरच्या चांदीच्या क्रॉसकडे जात होती. मरीनचा मुलगा अफगाणिस्तानात लढताना गेला, म्हणून सरकारनं तो दिलेला. ग्लेनिसच्या मुलानं, ओवेननं, तिथून परत येऊन घरात जीव दिला, म्हणून तिला काहीच नाही. त्यांच्या खासदारानं आज तेच विचारलं, “घरी येऊन जीव दिलेले सैनिक किती?” “अशी वेगळी नोंद सरकार ठेवत नाही,” मंत्री म्हणाला आणि पान उलटून नव्या रणगाड्यांच्या खर्चाकडे वळला. ग्लेनिसला राहवेना. “तुझं बरंय बाई. मिरवायला क्रॉस तरी आहे.” मरीननं हळूच विचारलं, “ओवेन घरी किती दिवस होता गं?” “सात महिने.” “तुझ्या हातचं खायचा?” “टोस्टवर बीन्स. दुसरं काही जाईना त्याला.” ग्लेनिस मघापासून क्रॉसकडे बघत होती, तशीच मरीन तिच्याकडे बघत राहिली.